शब्द एकच, अर्थ मात्र खुर्चीप्रमाणें

लेखी झालें म्हणजे तंटा मिटला, असें पुष्कळ भोळ्या माणसांना वाटतें. पण ज्यानें गांवांत चार वाटणीपत्रें पाहिलीं आहेत त्याला विचारा. तो सांगेल, कीं खरा तंटा लेखी झाल्यावरच सुरू होतो. 'विहिरीच्या पाण्यावर दोघां भावांचा सारखा हक्क', एवढेंच कागदावर असतें. मग एक भाऊ म्हणतो, सारखा म्हणजे दिवसाआड. दुसरा म्हणतो, सारखा म्हणजे जमिनीच्या मानानें. कागद एक, शब्द एक, आणि ज्याला जो अर्थ अधिक पाणी देतो तोच त्याला खरा वाटतो. कोणी मुद्दाम खोटें बोलत असतो असें नाहीं. पोट आपल्या सोयीचा अर्थ डोक्याला सुचवितें, आणि डोकें त्याला शास्त्राधार शोधून देतें, इतकेंच.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांची राज्यघटना हें असेंच एक जगप्रसिद्ध वाटणीपत्र आहे. मध्यवर्ती सरकारच्या वांट्याला काय आणि तेरा संस्थानांच्या वांट्याला काय, याची ती वाटणी. १७८७ सालीं फिलाडेल्फिया शहरांत ५५ गृहस्थ त्यासाठीं जमले व त्यांपैकीं ३९ जणांनीं १७ सप्टेंबर रोजीं तिच्यावर सह्या केल्या. पुढें चारच वर्षांत, म्हणजे १७९१ सालीं, ज्यांनीं तो कागद घडविला तेच एका शब्दाच्या अर्थावरून एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि त्या भांडणांतून त्या देशाचे पहिले दोन राजकीय पक्ष जन्मले. त्या तंट्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. कारण आमचें असें स्पष्ट मत आहे, कीं घटनेचा अर्थ लावण्याचें काम ज्या समाजानें सर्वस्वीं पंडितांवर व पुढाऱ्यांवर सोंपविलें, त्या समाजाच्या हातांत घटनेचा कागद राहतो, तींतला हक्क राहत नाहीं.

आरंभीं तेथें पक्ष नव्हते. घटनेंत पक्षाचें नांवहि नाहीं. पक्ष म्हणजे फूट, आणि फूट म्हणजे नाश, असें घटना करणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें मत होतें. जॉर्ज वॉशिंग्टन हा १७८९ च्या एप्रिलांत पहिला अध्यक्ष झाला. त्याच्या मंत्रिमंडळांत दोन मोठे कर्ते पुरुष होते. खजिन्याचा मंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन. हा वेस्ट इंडीज बेटांत जन्मलेला, लहानपणींच पोरका झालेला, व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करून वर आलेला. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन. हा व्हर्जिनियांतील मोठा जमीनदार. सर्व माणसें समान आहेत असें सांगणारा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा यानेंच लिहिला, आणि जन्मभरांत सहाशेंहून अधिक गुलाम याच्याच मालकीचे होते. हॅमिल्टनला व्यापारी व धनिक यांच्या पाठबळावर उभें राहिलेलें जबरदस्त मध्यवर्ती सरकार हवें होतें. जेफर्सनला स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांचा देश हवा होता, आणि सरकार होईल तितकें थोडें. तिसरा गृहस्थ जेम्स मॅडिसन. घटनेच्या घडणींत याचा हात सर्वांत मोठा. घटना मंजूर व्हावी म्हणून हॅमिल्टन व मॅडिसन यांनीं, जॉन जे याला बरोबर घेऊन, एकाच टोपणनांवानें वर्तमानपत्रांत लेखमाला लिहिली होती. असे हे जोडीदार तीन वर्षांत वैरी झाले.

पहिली फट कर्जावरून पडली. स्वातंत्र्याच्या लढाईंत सैनिकांना पगाराऐवजीं आणि शेतकऱ्यांना धान्याच्या किंमतीऐवजीं सरकारी रोखे मिळाले होते. सरकारच्या तिजोरींत खडखडाट, तेव्हां त्या कागदाला बाजारांत किंमत कोण देणार ? घरचीं पोरेंबाळें उपाशी ठेवून कागद किती दिवस सांभाळायचा, म्हणून त्या बिचाऱ्यांनीं ते मातीमोल भावानें विकून टाकले. १७९० सालीं हॅमिल्टननें योजना मांडली, कीं आज ज्याच्या हातांत रोखा असेल त्याला पुरी रक्कम द्यावी. शहरांतल्या सटोडियांना याची कुणकुण लागतांच त्यांनीं दूरदूरच्या खेड्यांत माणसें धाडून उरलेसुरले रोखे गोळा केले. मॅडिसन म्हणाला, ज्यानें रक्त सांडलें त्या मूळ धन्यालाहि कांहीं वांटा द्या. मतें घेतलीं तेव्हां मॅडिसनच्या बाजूनें १३ आणि विरुद्ध ३६ पडलीं. हॅमिल्टनचें म्हणणें अगदींच खोटें होतें असें नाहीं. विकलेला कागद घेणाऱ्याचा होतो. तसें मानलें नाहीं तर उद्यां सरकारच्या कागदाला कोणी हात लावणार नाहीं, असें तो म्हणे. हा युक्तिवाद पेढीवरच्या हिशेबाला धरून होता. पण घाम एकाचा आणि घांस दुसऱ्याचा, ही गोष्ट त्यानें झांकली गेली नाहीं.

दुसरें भांडण बँकेचें. डिसेंबर १७९० मध्यें हॅमिल्टननें राष्ट्रीय बँक काढण्याची सूचना केली. भांडवल एक कोटी डॉलर. त्यांत सरकारचे वीस लाख, बाकीचे खाजगी धनिकांचे. मुदत २० वर्षें. आतां घटनेंत मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अधिकारांची यादी आहे. कर बसवावा, कर्ज काढावें, व्यापाराचे नियम करावे, सैन्य ठेवावें, वगैरे. त्या यादींत बँक हा शब्द कोठेंहि नाहीं. पण यादीच्या शेवटीं एक वाक्य आहे, कीं वरील अधिकार अमलांत आणण्यास जे कायदे आवश्यक व योग्य असतील ते करावे. 'आवश्यक' या एका शब्दावर सारें रामायण झालें.

वाचकांनीं ही गोष्ट आपल्या मुखत्यारपत्रावरून समजून घ्यावी. एकानें आपला माल पेठेंत नेऊन विकण्याचें मुखत्यारपत्र दुसऱ्याला दिलें. मुखत्यारानें भाड्यानें गाडी केली. कोणी तक्रार करणार नाहीं, कारण गाडीवांचून माल पेठेला जाणार कसा? पण त्यानें मालकाच्या पैशानें बैलजोडी विकत घेतली तर ? आणि पेठेंत दुकानच काढलें तर ? तो म्हणेल, दुकान असलें म्हणजे माल चांगला विकतो. मालक म्हणेल, अरे बाबा, मी तुला माल विकायला सांगितलें होतें, दुकानदारी करायला नव्हे. मुखत्याराची हद्द कोठें संपते, हाच प्रश्न.

विधेयक ३९ विरुद्ध २० मतांनीं पास झालें. विरुद्ध पडलेलीं मतें बहुतेक दक्षिणेकडील संस्थानांचीं होतीं. वॉशिंग्टन घोंटाळ्यांत पडला व त्यानें मंत्र्यांचीं मतें लेखी मागविलीं. १५ फेब्रुवारी १७९१ रोजीं जेफर्सननें लिहून दिलें, कीं आवश्यक म्हणजे ज्याच्यावांचून अडतें तें. केवळ सोयीचें तें आवश्यक नव्हे. सोय म्हटली कीं कोणताहि अधिकार त्यांत बसेल, मग यादी केली कशाला ? शिवाय फिलाडेल्फियाच्या बैठकींत कंपन्यांना सनदा देण्याचा अधिकार सुचविला गेला होता आणि तो नाकारला गेला, हेंहि त्यानें दाखवून दिलें. हॅमिल्टननें आठ दिवसांनीं त्याच्या कितीतरी पट लांब उत्तर दिलें. आवश्यक म्हणजे उपयोगी, कार्याला साह्य करणारें. बोलण्याचालण्यांतहि त्या शब्दाचा असाच अर्थ असतो. सरकारला साध्य सोंपवून साधन नाकारणें म्हणजे हात बांधून पोहायला लावणें. आणि बैठकींत कोण काय म्हणालें याच्याशीं कर्तव्य नाहीं. कर्त्यांचा हेतु काय असेल तो कागदांतील शब्दांतच शोधला पाहिजे. २५ फेब्रुवारीला वॉशिंग्टननें सही केली.

शब्द पाहावा कीं हेतु पाहावा, हा वाद वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. तो पुढें फार वेगळ्या माणसाच्या कामीं येणार आहे.

यानंतर दोन्ही बाजूंनीं आपापलें वर्तमानपत्र हाताशीं धरलें. हॅमिल्टनच्या बाजूचें जॉन फेनो याचें पत्र आधींच चालू होतें, आणि त्याला सरकारी छपाईचें काम मिळे. १७९१ च्या ऑक्टोबरांत फिलिप फ्रेनो यानें विरुद्ध पत्र काढलें. त्याला जेफर्सननें आपल्या खात्यांत २५० डॉलर सालिना पगाराची भाषांतरकाराची नोकरी दिली होती. म्हणजे सरकारच्याच पगारावर बसून सरकारवर टीका ! असो. हॅमिल्टनच्या लोकांना फेडरलिस्ट म्हणूं लागले, जेफर्सनच्या लोकांना रिपब्लिकन. आजच्या रिपब्लिकन पक्षाशीं या जुन्या पक्षाची गल्लत करूं नये. आजचा तो १८५४ सालीं निघाला.

येथवर वाचून आमचे कष्टकरी वाचक म्हणतील, कीं जेफर्सनचीच बाजू आपली. सटोडियांविरुद्ध शेतकरी, मोठ्या सरकारविरुद्ध गांव. पण इतक्या घाईनें निकाल देऊं नये. पुढची हकीकत ऐकावी.

१७९८ सालीं फेडरलिस्ट सत्तेवर होते. जॉन ॲडम्स अध्यक्ष होता. फ्रान्सशीं लढाई जुंपणार अशी हवा होती. त्या हवेंत त्यांनीं राजद्रोहाचा कायदा पास केला. सरकार, कायदेमंडळ व अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटें व द्वेषाचें छापील तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. उपाध्यक्षाचें नांव मात्र त्या संरक्षणांत नव्हतें. कां ? तर त्यावेळीं उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा जेफर्सन होता ! त्याला खुशाल शिव्या द्याव्या. आणि कायदा कधीं संपावा ? ३ मार्च १८०१ रोजीं, म्हणजे ॲडम्सची मुदत संपते त्याच दिवशीं. छापण्याचें स्वातंत्र्य कमी करणारा कायदा करूं नये असें घटनेच्या पहिल्या दुरुस्तींत १७९१ सालींच लिहिलेलें होतें. पण फेडरलिस्टांनीं अर्थ लावला, कीं स्वातंत्र्य म्हणजे छापण्यापूर्वीं परवानगी लागूं नये, एवढेंच. छापल्यावर तुरुंगांत घालायला हरकत नाहीं. व्हरमाँट संस्थानचा प्रतिनिधि मॅथ्यू लायन याला चार महिने कैद व एक हजार डॉलर दंड झाला. त्याच्या मतदारांनीं तो तुरुंगांत असतांनाच त्याला पुन्हां निवडून दिलें. लोकांनींहि आपला अर्थ लावला तो असा !

जेफर्सन व मॅडिसन यांनीं केंटकी आणि व्हर्जिनिया या संस्थानांच्या कायदेमंडळांकडून ठराव करविले. मसुदे यांचे, नांवें गुप्त. मध्यवर्ती सरकारनें हद्द ओलांडली तर ती ओलांडली असें म्हणण्याचा हक्क संस्थानांना आहे, असें त्यांत प्रतिपादन होतें. घटनेचा अर्थ कोणीं लावावा याचें हें दुसरें उत्तर. फेडरलिस्ट म्हणत कोर्टानें. रिपब्लिकन म्हणत संस्थानांनीं.

१८०० च्या निवडणुकींत ॲडम्स हरला. जेफर्सन व त्याचाच जोडीदार ॲरन बर यांना प्रत्येकीं ७३ मतें पडलीं व घोळ झाला. प्रतिनिधिगृहांत ३६ वेळां मतें घेऊन १७ फेब्रुवारी १८०१ रोजीं जेफर्सन निवडला गेला. हरलेल्या पक्षानें तलवार न उपसतां खुर्ची सोडली, ही गोष्ट मोठी आहे, आणि तिचें श्रेय दोन्ही पक्षांना दिलें पाहिजे. पण खुर्चीवर बसतांच जेफर्सनच्या चष्म्याचा नंबर बदलला.

१८०३ सालीं नेपोलियननें लुइझियाना नांवाचा अफाट मुलूख विकायला काढला. किंमत दीड कोटी डॉलर. देश एका सहीनें जवळजवळ दुप्पट होणार ! पण नवा मुलूख विकत घेण्याचा अधिकार घटनेच्या यादींत आहे काय ? बँक या शब्दासारखाच तोहि त्यांत नाहीं. जेफर्सनला हें पक्कें ठाऊक होतें. त्यानें घटनादुरुस्तीचे मसुदेहि तयार केले. मग बातमी आली, कीं उशीर केल्यास नेपोलियन मन फिरवील. तेव्हां त्यानें मसुदे पेटींत ठेवले आणि घटनेच्या अडचणीविषयीं जितकें कमी बोलावें तितकें बरें, असें मित्रांना कळविलें. ऑक्टोबर १८०३ मध्यें सेनेटनें २४ विरुद्ध ७ मतांनीं करार मंजूर केला. आणि आतां यादी काढून कोण बसलें ? फेडरलिस्ट ! हा अधिकार घटनेंत कोठें लिहिला आहे, जुन्या संस्थानांची संमति नको काय, असें तेच विचारूं लागले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण समुद्रापलीकडेहि लागू पडते.

छापखान्याच्या स्वातंत्र्याचीहि तीच गत. राजद्रोहाच्या कायद्याखालीं शिक्षा झालेल्यांना जेफर्सननें माफी दिली, हें चांगलें केलें. पण १८०३ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत हॅरी क्रॉसवेल या फेडरलिस्ट संपादकावर जेफर्सनची बदनामी केल्याबद्दल रिपब्लिकन अधिकाऱ्यांनींच खटला भरला. त्याच्या बाजूनें कोर्टांत कोण उभा राहिला ? हॅमिल्टन ! छापलेलें खरें असेल आणि हेतु चांगला असेल तर तो गुन्हा नव्हे, असें त्यानें १८०४ सालीं ठासून मांडलें. पांच वर्षांपूर्वीं त्याचाच पक्ष संपादकांना तुरुंग दाखवीत होता.

बँकेचें काय झालें तेंहि ऐकावें. सनदेची मुदत १८११ सालीं संपली. सेनेटांत १७ विरुद्ध १७ असा तोल झाला व उपाध्यक्षाच्या एका मतानें बँक बुडाली. लगेच १८१२ सालीं इंग्लंडशीं लढाई लागली आणि बँकेवांचून सरकारची त्रेधा उडाली. तेव्हां १८१६ च्या एप्रिलांत, पहिलीहून साडेतीनपट मोठ्या, साडेतीन कोटी डॉलर भांडवलाच्या दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर अध्यक्ष या नात्यानें सही कोणीं केली ? २५ वर्षांपूर्वीं जिला घटनाबाह्य म्हणून भर सभेंत विरोध केला त्याच मॅडिसननें. न्यायानें बोलायचें तर त्याच्याजवळ उत्तर होतें. इतकी वर्षें कायदेमंडळानें, कोर्टांनीं व लोकांनीं बँक मान्य केली, तेव्हां प्रश्न वहिवाटीनें मिटला, असें तो म्हणे. उत्तर अगदींच टाकाऊ नाहीं. पण वहिवाटीचा हा साक्षात्कार खुर्चीवर बसल्यावर व्हावा, हेंहि नजरेआड करतां येत नाहीं. उलट त्याच लढाईच्या काळांत, १८१४ च्या डिसेंबरांत, न्यू इंग्लंडांतील फेडरलिस्ट हार्टफर्ड येथें जमून संस्थानांच्या हक्कांचा जप करूं लागले. जबरदस्त मध्यवर्ती सरकारचे पुजारी ते !

कोणी म्हणेल, पुढारी लबाड असतील. म्हणूनच निवाडा सुप्रीम कोर्टावर सोंपवावा. १८१९ सालीं तसा निवाडा झालाहि. मेरीलँड संस्थाननें बँकेवर कर बसविला. खटला वर गेला. मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यानें हॅमिल्टनचाच अर्थ उचलून धरला. घटनेंत दुसऱ्या एका ठिकाणीं 'सर्वस्वीं आवश्यक' असे शब्द आहेत. येथें नुसतें 'आवश्यक' आहे. तेव्हां दोहोंचा अर्थ एक नव्हे, असें त्यानें दाखविलें. निकाल मोठा विद्वत्तेचा आहे. पण मार्शल हाहि फेडरलिस्ट पक्षाचाच माणूस, आणि ॲडम्सनें जातां जातां त्याला त्या जागीं बसविलें होतें, हें विसरूं नये. न्यायाधीश आकाशांतून पडत नाहींत.

आतां आम्ही मूळ मुद्द्याकडे येतों. १७९० च्या खानेसुमारींत त्या देशांत सुमारें ३९ लाख माणसें होतीं. त्यांपैकीं सुमारें ७ लाख गुलाम. शब्दांवर इतकी कुस्ती खेळणाऱ्या या दोन्ही पक्षांच्या लेखांत त्या सात लाखांसाठीं किती शब्द खर्ची पडले ? जवळजवळ नाहींत. आणि घटनेंत त्यांचें नांवच नाहीं. 'गुलाम' हा शब्द तींत मुद्दाम टाळला आहे. 'इतर माणसें', 'सेवेला बांधलेला माणूस' असे आडवळणाचे शब्द वापरले आहेत. पण सोय मात्र पुरी केली होती. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें धरावीं; गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करूं नये; पळालेला गुलाम धन्याला परत द्यावा. मत देण्याचा अधिकार गुलामाला नाहीं, पण त्याच्या डोक्याच्या हिशेबानें धन्याच्या संस्थानला जास्त प्रतिनिधि ! १८०० सालीं जेफर्सनला मिळालेलें मताधिक्य या हिशेबावांचून टिकलें नसतें, असें अनेक इतिहासकार म्हणतात. शेतकऱ्यांचा कैवारी म्हणविणारा पक्ष गुलामांच्या डोक्यांवर पाय देऊन सत्तेवर चढला. मध्यवर्ती सरकारचे हात बांधा, या त्याच्या आग्रहामागें गुलामांच्या मालकांचें भय किती होतें, हें मग वेगळें सांगायला नको.

१८५७ सालीं ड्रेड स्कॉट नांवाच्या गुलामाच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें ७ विरुद्ध २ मतांनीं त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि मुख्य न्यायाधीश टॉनी यानें लिहिलें, कीं काळा माणूस त्या देशाचा नागरिक होऊंच शकत नाहीं. कारण घटना करणाऱ्यांचा तसा हेतु नव्हता. पाहा, हेतूचा दाखला पुन्हां आला ! बँक अडविण्यासाठीं जो काढला होता, तोच आतां माणसाला माणुसकीबाहेर ठेवण्यासाठीं. ज्या कोर्टावर सारें सोंपवावें असें म्हणतात, त्याचाच हा निवाडा.

याला उत्तर कोणीं दिलें ? फ्रेडरिक डग्लस यानें. हा मेरीलँडमध्यें गुलाम म्हणूनच जन्मला. बाल्टिमोर शहरांत धन्याच्या बायकोनें त्याला मुळाक्षरें शिकवायला सुरुवात केली, तेव्हां धन्यानें तिला दटावून थांबविलें. शिकलेला गुलाम गुलाम म्हणून कामाचा राहत नाहीं, असें तो म्हणाला. त्या धन्याला शिक्षणाची किंमत बरोबर कळली होती. आम्ही मास्तर लोक तरी याहून अधिक काय सांगणार? डग्लसनें चोरून अक्षरओळख पुरी केली आणि १८३८ सालीं तो पळून स्वतंत्र झाला. गुलामगिरीविरुद्ध लढणारे त्याचे गोरे सहकारी म्हणत, कीं घटना हाच पापाचा करार आहे. त्यांच्या विल्यम लॉइड गॅरिसन या पुढाऱ्यानें तर १८५४ च्या ४ जुलैला तिची प्रत जाहीर सभेंत जाळली. डग्लसहि आरंभीं त्यांच्याच मताचा होता. पण त्यानें घटना स्वतः वाचली, पुन्हां पुन्हां वाचली, आणि १८५१ सालीं जाहीर केलें, कीं मी हा अर्थ मानीत नाहीं. गुलाम हा शब्द तींत नाहीं. कर्त्यांच्या पोटांत काय होतें तें आम्हांस नको; कागदावर काय आहे तें पाहा. कागदावर आरंभींच 'लोक' असा शब्द आहे, 'गोरे लोक' असा नाहीं. मग आम्ही लोक नव्हे काय ?

हॅमिल्टननें धनिकांच्या बँकेसाठीं जें शस्त्र घडविलें, तेंच या पळालेल्या गुलामानें गुलामांच्या मुक्ततेसाठीं उचललें. यावरून आम्हांस असें दिसतें, कीं शब्द पाहावा कीं हेतु पाहावा, ढिला अर्थ करावा कीं आंवळ, या रीतींत स्वतःचें असें पाप नाहीं व पुण्यहि नाहीं. कोयता उसाला लागतो आणि मानेलाहि लागतो. तो कोणाच्या हातांत आहे, हेंच विचारलें पाहिजे.

पुढें चार वर्षांचें यादवी युद्ध होऊन १८६५ सालीं तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी बंद झाली; १८६८ सालीं नागरिकत्व व १८७० सालीं मताचा हक्क लेखी झाला. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील भल्या लोकांना अर्पण केलें तें याच कारणानें. ती अर्पणपत्रिका कोणत्या पक्षाला नाहीं, कोर्टाला नाहीं, घटनेलाहि नाहीं. ती लोकांना आहे. जोतीरावांची नजर किती अचूक होती ! आणि लोकांचें लक्ष ढळलें म्हणजे काय होतें तेंहि पाहावें. समान संरक्षणाचे शब्द कागदावर तसेच असतां १८९६ सालीं सुप्रीम कोर्टानें आगगाडींत काळ्यांना वेगळा डबा देणें त्यांत बसतें असें ठरविलें. आणि १९५४ सालीं त्याच शब्दांवर, एकहि अक्षर न बदलतां, त्याच कोर्टानें एकमतानें निकाल दिला, कीं काळ्या मुलांना वेगळ्या शाळा ठेवणें त्यांत बसत नाहीं. मधल्या ५८ वर्षांत कागद बदलला नाहीं. काळे लोक शिकले, जमले, कोर्टांत गेले.

मग घटना म्हणजे बलवानाच्या हातचें खेळणें काय ? आम्ही तसें म्हणत नाहीं. लेखी कागद नसता तर डग्लसनें बोट कशावर ठेवलें असतें ? जेफर्सन व हॅमिल्टन यांनीं आपापलीं कारणें लिहून ठेवलीं, म्हणूनच ते केव्हां फिरले हें आज आपण दाखवूं शकतों. तोंडी कारभारांत बेइमानीला साक्षीदार नसतो. तेव्हां कागद जाळूं नये, वाचावा.

आपल्या देशाची घटना २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले होते. आपल्या घटनाकारांनीं केंद्राची, राज्यांची व दोहोंची अशा तीन याद्या केल्या आणि यादीबाहेरचें सारें केंद्राकडे दिलें. तरी शब्दांचा तंटा संपला काय ? बोलण्याच्या स्वातंत्र्यावर 'वाजवी निर्बंध' घालतां येतात असें तींत आहे. वाजवी म्हणजे किती ? तोच 'आवश्यक' शब्दाचा धाकटा भाऊ !

म्हणून आमचें वाचकांना एवढेंच सांगणें आहे. कोणताहि पुढारी, कोणत्याहि पक्षाचा, घटनेचा अर्थ सांगूं लागला कीं त्याला तीन प्रश्न विचारावे. उद्यां खुर्चीवर तुझा विरोधी बसला तर तूं हाच अर्थ धरशील काय ? या अर्थानें कोणाच्या घरांत दाणा जाणार आणि कोणाच्या घरांतून निघणार ? आणि हा अर्थ ठरला तेव्हां त्या खोलींत कोण नव्हतें ? पहिल्या प्रश्नापुढें जेफर्सन टिकला नाहीं, दुसऱ्यापुढें हॅमिल्टन टिकला नाहीं, आणि तिसऱ्यापुढें तर दोघेहि माना खालीं घालतात. हे प्रश्न विचारायला वकिली लागत नाहीं. अक्षरओळख लागते, घटना घरांत असावी लागते, आणि ती मोठ्यानें वाचायला चार माणसें जमावीं लागतात. आपली घटना मराठींत छापलेली मिळते. दर आठवड्याला एक कलम चावडीवर वाचावें आणि त्याच्या अर्थावरून खुशाल भांडावें. असें भांडण आपण केलें नाहीं, तर आपल्यासाठीं तें दुसरे करतील, आणि निकाल आपल्याला कळवितील.